शेवटचा पाव मैल

रामराव तारमास्तरांनी तार पाकिटात घातली, वर नाव लिहिलं, आणि कान खाजवावा इतक्या सहज अंगठ्याच्या नखाने पाकिटाचा उजवा कोपरा दुमडला.

समोर तिकिटांचे ताव मोजण्याचं नाटक करत बसलेल्या वामनराव चिंचोळकरांनी ते पाहिलं आणि तोंडाने "बत्तीस, तेहतीस" चालूच ठेवलं. मनात मात्र नोंद झाली: बारा वाजून चार मिनिटं, कोपरा.

"कडूबा," रामरावांनी हाक मारली. "माणिकराव पाटलाची तार हाय."

कडूबा इंगळे तारवाला बाहेर ओट्यावर सायकल पुसत होता. तो आत आला, पाकीट घेतलं, आणि त्याची नजर कोपऱ्यावर क्षणभर थांबली. मास्तरांनी वर पाहिलं नाही. कडूबाने काही विचारलं नाही. खाकी सदऱ्याच्या खिशात पाकीट ठेवून तो बाहेर पडला, आणि सायकलवर बसण्याआधी त्याने मान वर करून सूर्याकडे पाहिलं.

भिंतीवर सरकारी घड्याळ टांगलेलं असताना सरकारी माणूस सूर्याकडे कशाला पाहतो? ही दुसरी नोंद. वामनराव उठले.

"मी जरा पान खाऊन येतो, मास्तर."

"पानठेला उजव्या हाताले हाय, साहेब," रामराव म्हणाले. पण वामनराव तोवर डावीकडे वळले होते.

वामनराव हे अकोल्याच्या तार खात्यातले विलंबाचे कारकून. मध्यप्रांत गेला, मुंबई राज्य आलं, तेही जाऊन महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली. राज्यं बदलली, साहेब बदलले, वामनरावांचं काम तेच राहिलं. प्रत्येक तारेच्या कागदावर वेळा असतात. माणसाने खिडकीवर तार दिली ती वेळ, वाटेतल्या प्रत्येक कचेरीत ती उतरली ती वेळ, आणि ज्याची त्याला पोचली ती वेळ. एकातून दुसरी वजा केली की मधली माणसं उघडी पडतात. कोण डुलकी घेतो, कोण चहाला जातो, कोणाचा हात गठ्ठा साचल्याशिवाय हलत नाही, हे वामनरावांना त्या माणसांचं तोंडही न पाहता कळे. त्यांचा माणसांवर विश्वास नव्हता, देवावर बेताचा होता, वजाबाकीवर मात्र पुरा होता. घरी अन्नपूर्णाबाई चहा टाकायला आत गेल्या की हे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. "आज सात मिनिटं," असं त्यांनी शेकडो वेळा म्हटलं असेल. चहा चांगला झाला, असं म्हटल्याचं बाईंना आठवत नव्हतं.

वडनेर भोलजीकडून रामरावांच्या बोरपेठ कचेरीत तार यायची, म्हणजे वाटेत चार ठिकाणी ती कानाने ऐकायची, कागदावर उतरवायची आणि पुढच्या तारेवर पुन्हा खटखटवायची. वामनरावांनी दोन वर्षं या वाटेच्या मागे लागून तिला सडसडीत केली होती. मधल्या एका कचेरीत तारा दुपारपर्यंत टोपलीत पडून राहत; दर पाच मिनिटांनी टोपली रिकामी करायचा हुकूम निघाला. घाटात तारेवर टेकणाऱ्या फांद्या छाटल्या गेल्या. एक उडी, म्हणजे मधली एक कचेरी, तर त्यांनी पुरीच काढून टाकली. दोन तासांची तार चाळीस मिनिटांवर आली. साहेबांनी पाठ थोपटली, आणि त्याच आठवड्यात माणिकरावाची तक्रार येऊन पडली.

शंभर मैल चाळीस मिनिटांत ओलांडून आलेल्या तारेने कचेरीपासून माणिकरावाच्या दारापर्यंतच्या पाव मैलाला पंच्याण्णव मिनिटं घेतली होती.

वामनरावांनी बोरपेठच्या वर्षभराच्या पावत्या मागवून घेतल्या. बहुतेक तारा आठ-दहा मिनिटांत पोचलेल्या. कापसाच्या भावाच्या तर सातात. पण महिन्यातून तीन-चार तारा अशा, की ज्यांना तास, सव्वा तास, दीड तास. सगळ्या दुपारच्या, नाहीतर दिवेलागणीच्या. आणि सगळ्या मरणाच्या किंवा मरायला टेकलेल्यांच्या.

मरणाची बातमी तास-दीड तास दाबून ठेवली तर कोणाचं काय साधतं, याचा वामनरावांनी एक आख्खा रविवार विचार केला. गोठ्यातली बैलं हलवता येतात. पेटीचं कुलूप उघडता येतं. कोऱ्या कागदावर अंगठा घेता येतो, आणि ज्याचा अंगठा तो तक्रार करत नाही. संध्याकाळपर्यंत त्यांना आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचाही संशय येऊ लागला होता.

माणिकरावाचं म्हणणं त्यात चपखल बसत होतं. आदल्या संध्याकाळी वामनराव त्याच्या मळ्यात त्याला गुपचूप भेटले, तेव्हा तो विहिरीच्या काठावर बसून तावातावाने बोलत होता.

"काका माह्ये निपुत्रिक होते, साहेब. आम्ही दोघं पुतने, मी अन् दयाराम. तो तिथंच वडनेरले राह्यते. माघातली गोष्ट हाय. काका सकाळी गेले. तार इथं आली बारा-दहाले. मले भेटली पावनेदोनले. खामगावची एसटी सव्वाले जाते. मी दुसऱ्या दिवशी पोचलो त राख थंडी झाली होती. आग दयारामनं देली. अन् आता म्हनते, ज्यानं आग देली त्याचंच वावर. बारा एकर काळी जमीन हाय, साहेब."

"तारवाल्याचा यात काय संबंध?"

"त्याले दयारामनं पैसे चारले. मंग काय!"

"पुरावा?"

"आमच्या घरासमोर बाभूळ हाय. तो कडूबा त्या दिवशी खिशात तार घेऊन त्या बाभळीखाली बसून राह्यला होता. आमच्या शेजारच्या तानुबाईनं आपल्या डोयानं पाह्यलं. एसटी गेली, मंग कुठी उठला, टोपी नीट केली, अन् आला तोंड पाडून." माणिकरावाने विहिरीत एक खडा टाकला. "तुमी नुसतं लेहून द्या, का यानं मुद्दाम तार दाबली. पुढचं मी कोर्टात पाहून घेतो."

वामनरावांनी सापळा तिथेच ठरवला. दुसऱ्या दिवशी दुपारी माणिकरावाला एक तार येईल, अकोल्याहून, खोटी.

"काय लेहसान तिच्यात?"

"काकू अत्यवस्थ. ताबडतोब निघा."

माणिकरावाने हातातला दुसरा खडा खाली ठेवला. "काकू जिती हाय, साहेब. जित्या मानसाच्या नावानं असं…" मग बारा एकर त्याच्या डोळ्यांपुढून गेले असावेत. "चालते. लेहा. पर अत्यवस्थच लेहा. 'मेली' नोका लेहू."

"घरात कोणाला सांगायचं नाही. आईलाही नाही, बायकोलाही नाही. बारा वाजता जेवता ना रोज? तसेच बसा. काही झालं तरी जागचं उठायचं नाही."

हे शेवटचं वाक्य वामनरावांचा स्वतःचाच सापळा तासभर लांबवणार होतं. पण ते त्यांना तेव्हा कुठून कळणार!

तर आता वामनराव तानुबाईच्या गोठ्यात, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या गंजीमागे उकिडवे बसले होते. तिला त्यांनी आपण मलेरिया खात्याचे आहोत म्हणून सांगितलं होतं.

"मंग फवारा कुठी हाय?" तानुबाईने विचारलं.

"मागून येतोय."

"अन् तुमी गंजीमागं काय पाहून राह्यले?"

"मच्छर."

तानुबाई आत गेली खरी, पण दारातून तिचं अर्धं तोंड दिसतच राहिलं.

फाल्गुनातलं ऊन बाभळीच्या सावलीला गोळा करून बुंध्याशी आणून ठेवत होतं. कडूबाने सायकल बाभळीला टेकवली आणि तो बुंध्याशी बसला. समोर माणिकरावाचं घर, दार सताड उघडं. ओसरीवर माणिकराव आणि त्याची म्हातारी आई रुखमाबाई पाटावर बसलेली. सून सिंधू चुलीपुढून भाकरी आणून वाढत होती. वामनरावांना तिघंही दिसत होते, आणि कडूबाही.

बारा चौदा. बारा सव्वीस. कोण येतं कडूबाला भेटायला, यावर वामनराव डोळे लावून होते. एक शेळी आली, सायकलचं सीट हुंगून गेली. बारा एकोणचाळीस. कडूबाने विडी काढली, पाहिली, पुन्हा खिशात ठेवली. त्याचे डोळे ओसरीवरून हलत नव्हते.

ओसरीवर माणिकराव हुकुमाप्रमाणे जागचा उठत नव्हता. तार आल्याशिवाय उठायचं नाही, आणि पाटावर बसायचं तर ताटात काहीतरी हवं.

"भाकर आन वं."

"पाचवी हाय," सिंधूचा आवाज आला. "आज काय झालं तुमाले?"

"काई नाही झालं. वरन आन."

रुखमाबाईचं जेवण कधीच झालं होतं. ती पोराच्या तोंडाकडे कौतुकाने बघत बसली होती. बारा त्रेपन्न. माणिकराव घास तोंडात फिरवत होता, गिळत नव्हता. मधूनच तो दाराबाहेर बघे, आणि बाहेर कडूबा त्याच्या ताटाकडे बघत होता. एकजण तारेसाठी जेवत होता, दुसरा जेवणासाठी तार धरून होता, आणि तिसरा गंजीमागे बसून दोघांची मिनिटं मोजत होता. वामनरावांच्या डाव्या पायाला मुंग्या आल्या.

एक वाजून अकरा मिनिटांनी माणिकरावाच्या पोटाने हुकूम मोडला. तो उठला, हात धुतला, आणि ढेकर न देता दाराशी येऊन उभा राहिला. आता तरी तारवाला उठेल, म्हणून वामनराव सरसावले.

कडूबा उठला नाही.

पाव मैल नव्हे, पंचवीस पावलांवर तारेचा मालक मोकळा उभा होता. पलीकडे सव्वाची खामगाव एसटी भोंगा वाजवत निघून गेली. कडूबाने त्या आवाजाकडे मान वळवली, क्षणभर डोळे मिटले, पुन्हा समोर बघू लागला. वामनराव गुडघ्यांवर उठले. धरला! एसटी जाण्याचीच वाट होती!

पण एसटी गेल्यावरही तो उठला नाही.

आत सिंधूने सासूचं आणि नवऱ्याचं ताट उचललं, चुलीपुढची जागा पुसली, आणि त्याच नवऱ्याच्या ताटात उरलेली भाकरी घेऊन ती भिंतीकडे तोंड करून जेवायला बसली. पाचव्या-सहाव्या भाकरीनंतर टोपलीत अर्धीच उरली असावी. ती उठली, पुन्हा पीठ मळलं, पुन्हा तवा टाकला. कडूबा बसून होता. एक पस्तीस. तिने भाकरी भाजली, खाल्ली, ताटात पाणी टाकून ते पिऊन टाकलं, आणि चुलीतली लाकडं मागे ओढली.

तेव्हा कडूबा उठला. सदऱ्याची वरची गुंडी लावली, टोपी नीट केली, आणि दाराकडे चालू लागला. एक बावन्न.

एकशेआठ मिनिटं. वामनरावांनी आकडा मनात लिहिला आणि केसांतल्या काड्यांसकट गंजीमागून बाहेर पडले.

"धरला!" माणिकराव ओरडला. "साहेब, धरला! आता सांग बे, किती देले दयारामनं?"

कडूबाने आधी तार पुढे केली. "घ्या, पाटील. मंग बोला."

"खोटी हाय ते! साहेबानंच धाडली. तुले पकडाले."

कडूबाने वामनरावांकडे पाहिलं. त्यांच्या कोटावर पऱ्हाटीची बोंडं चिकटली होती. "खोटी?" तो म्हणाला. "मरनाची तार खोटी?"

"अत्यवस्थाची," वामनरावांनी दुरुस्ती केली, आणि ती करताना त्यांना स्वतःलाच ओशाळं वाटलं. मग आवाज चढवून त्यांनी विचारलं, "बारा चारला कचेरीतून निघालास. कोणासाठी थांबलास?"

"तुमी जेवत होते," कडूबा माणिकरावाला म्हणाला.

"मी सव्वाच्या आधी उठलो होतो!"

"वहिनी जेवाची राह्यली होती."

सिंधू भांडी घेऊन आत चालली होती, ती तशीच थांबली.

"म्हंजे?" माणिकरावाचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. "त्या दिवशी बी? बायकोच्या भाकरीपायी माह्यी एसटी गेली?"

"त्या दिवशी दुवादस होती, पाटील. आजी एकादशीची उपाशी होती. मी दारात आलो त पहिला घास हातात होता तिच्या. मी मागं फिरलो. मरनाचं सांगतलं का चूल विझते. मंग कोन कोनाले वाढते?" त्याने एसटीच्या रस्त्याकडे पाहिलं. "एसटीचं माह्या ध्यानात होतं. भोंगा ऐकला मी. पर वहिनी तवा नुकतीच बसली होती."

म्हातारी रुखमाबाई पाटावरून भिंत धरत उठली आणि दाराशी आली. वामनरावांना वाटलं, आता ही रडेल, किंवा त्याला आशीर्वाद देईल. म्हातारीने दोन्हीतलं काही केलं नाही.

"तुले कोनं सांगतलं होतं?" तिने विचारलं. "लगन होऊन आली तवा दीर माह्या कमरेएवढा होता. म्या त्याले न्हाऊ-माखू घातलं. एक घास राह्यला असता त मी मेली असती का रे?"

"नाही, आजी."

"मंग?"

कडूबाने टोपी काढून हातात घेतली. त्याच्या कपाळावर टोपीचा वळ उमटला होता.

"आत्याबाई," सिंधू आतल्या दारातून हळूच म्हणाली, "त्या दिवसापासून तीन दिवस चूल नव्हती पेटली. लहाना अंगावर पेत होता माह्या." एवढं बोलून ती आत गेली.

"हे काई कारन नाही!" माणिकराव वामनरावांकडे वळला. "तुमी लेहा, साहेब. मुद्दाम दाबली म्हनून लेहा. तेवढंच लेहा."

कचेरीत परतल्यावर वामनरावांनी विलंबाचा तक्ता टेबलावर पसरला. कारणांच्या रकान्यात खात्याने पाच कारणं छापलेली होती: तार तुटणे, कचेरी बंद असणे, पत्ता अपुरा, घरी कोणी नसणे, आणि तारवाल्याचा निष्काळजीपणा. सव्वीस वर्षांत सहावं कारण लागलं नव्हतं.

आधी त्यांनी दुमडलेल्या कोपऱ्याचं, म्हणजे मरणाच्या तारेच्या खुणेचं विचारलं. तारेतला मजकूर तारवाल्याला कळणं हा गुन्हा. आणि तो कळवणारा मोठा गुन्हेगार. रामरावांचा चेहरा पिठासारखा झाला.

"कोपरा मीच मोडतो," कडूबा म्हणाला. "मास्तरचा काई संबंध नाही."

वामनरावांनी तो कोपरा स्वतःच्या डोळ्यांनी मोडताना पाहिला होता. त्यांनी रामरावांकडे पाहिलं, तक्त्याकडे पाहिलं, आणि कोपऱ्याविषयी काही लिहिलं नाही. रामरावांनी खाली मान घालून उगीचच शाईच्या दौतीचं बूच काढलं आणि पुन्हा लावलं.

"निष्काळजीपणा लिहितो," वामनराव म्हणाले. "एक पगारवाढ थांबेल. नोकरी राहील."

"त्याचा अर्थ काय, साहेब? मी इसरलो, असाच ना?"

"तसाच."

"मंग नोका लेहू." कडूबा टेबलाजवळ आला. "माह्या बापानं उभा जलम मयतीचे सांगावे पोचवले. गावकीचं काम. कोनाच्या घरी मेलं का हा निघाला अनवानी, दहा-दहा कोस. तो सांगे, बाबू, दाराबाहेर बसाचं, अन् धूर पाहाचा. घरातलं शेवटचं मानूस जेवलं का मंग तोंड उघडाचं. आपल्याले त्या घरात कोनी पानीबी नाही देत, पर आपल्या तोंडानं त्याहिच्या ताटात माती नाही पडली पायजे." त्याने छातीवरच्या बिल्ल्याला हात लावला. "दीक्षा घेतली तवा आम्ही गावकी सोडली. सारं सोडलं. मी सरकारात लागलो, सायकल भेटली, टोपी भेटली. पर हे एक नाही सुटलं. सुटतच नाही. सहा वर्सात माह्या हातून एक तार हरवली नाही, भिजली नाही. इसरला म्हनून माह्यं नाव कागदावर नोका घालू. थांबला म्हना. मुद्दाम थांबला."

"मुद्दाम लिहिलं तर तू आजच्या आज निलंबित होशील. आणि माणिकराव तोच कागद कोर्टात दाखवून म्हणेल, दयारामने तुला विकत घेतलं."

"तुमी होते ना गंजीमागं? कोन आलं माह्यापाशी?"

"शेळी," वामनराव म्हणाले.

"मंग तेबी लेहा."

वामनरावांनी टाक शाईत बुडवला, निथळवला, पुन्हा बुडवला. माणसाला पकडायची सवय असलेल्या माणसाला, पकडलेल्या माणसानेच कलम पुरवावं, हा त्यांच्या नोकरीतला पहिलाच प्रसंग. त्यांनी पाचही छापील कारणांवर काट मारली आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं: 'घरातील शेवटच्या व्यक्तीचे जेवण होईपर्यंत तारवाला मुद्दाम थांबला. या काळात त्यास कोणी भेटले नाही. काही घेतल्याचे आढळले नाही.' ओळ वळून पानाच्या कडेवर उभी चढली. ही ओळ वाचून अकोल्याचे साहेब हसतील की रागावतील, हे त्यांना सांगता येत नव्हतं. कडूबाचं काय होईल, हे मात्र सांगता येत होतं.

कडूबाने पितळी बिल्ला, पिशवी आणि पावत्यांचं पुस्तक टेबलावर ठेवलं. सायकल आत आणून भिंतीला लावली.

"मागच्या चाकात हवा कमी हाय. नवा मानूस येईन त्याले सांगजा," तो रामरावांना म्हणाला. "आता घरी पंचफुलाले काय सांगू, ते पाहातो वाटेनं."

तो पायी निघून गेला.

मेहकरहून बदली तारवाला दोन दिवसांनी यायचा होता. वामनरावांना अहवालावर साहेबांचं उत्तर येईपर्यंत थांबणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजून एक्केचाळीस मिनिटांनी टेबलावरचा खटखट्या बोलू लागला. रामराव ऐकत, लिहीत गेले. मध्येच त्यांचं लिहिणं मंदावलं. मग त्यांनी तार पाकिटात घातली, नाव लिहिलं, आणि त्यांचा अंगठा आपोआप कोपऱ्याकडे गेला. तिथे थांबला. त्यांनी हात टेबलाखाली घेतला.

"द्या इकडे," वामनराव म्हणाले. "मी देऊन येतो."

"गोजरबाईची हाय. तेल्याच्या घाण्यामागं. साहेब, तुमी…"

"विलंब कमी करायचा, मास्तर, तर कोणीतरी वेळेवर जाऊन दाखवलंच पाहिजे."

सायकल त्यांना चालवता येत नव्हती. ते भरभर चालत गेले. घर एकाच खणाचं, पुढे पडवी. छपरातून धूर निघत होता. पडवीत एक म्हातारा आणि दोन पोरी ताटांपुढे बसल्या होत्या, आणि गोजरबाई चुलीशी भाकरी थापत होती.

"तारवाला कुठी गेला?" तिने विचारलं. तो येणार नाही म्हटल्यावर तिचा चेहरा उलट सैल झाला. कडूबा गुंडी लावून आला की लोक घाबरत. हा तर कोटातला साहेब. "बसा, साहेब. एवढे जेवून घेऊ द्या यांले. घडीभर बसा. तुमाले बी देते भाकर."

पडवीत एक पोतं अंथरलेलं होतं. वामनरावांनी घड्याळ काढलं. आठ मिनिटं झाली होती. पोतं दोन पावलांवर होतं.

"तार आहे," ते म्हणाले.

"मंग वाचून दावा ना. मले कुठी वाचता येते!"

हे त्यांना ठाऊक नव्हतं. वाटेतल्या सगळ्या वेळा त्यांना ठाऊक होत्या, पण शेवटी कोणीतरी ती मोठ्याने वाचावी लागते, हे कुठल्याच रकान्यात लिहिलेलं नसतं. त्यांनी पाकीट फाडलं. इंग्रजीतले चार शब्द त्यांनी मराठीत केले आणि वाचले. "बनाबाई बाळंतपणात गेली. या."

बनाबाई म्हणजे तिची मोठी मुलगी, हे त्यांना त्यानंतर कळलं. आधी एका पोरीच्या तोंडाकडे पाहून, मग दुसरीच्या. गोजरबाईच्या हातातली भाकरी अर्धी थापलेली होती. तिने ती परातीत परत ठेवली, नीट, मोडणार नाही अशी. म्हाताऱ्याने तोंडातला घास हातावर काढला. मग तिचा आवाज निघाला आणि शेजारच्या दोन बाया धावत आल्या. एकीने तिला धरलं. दुसरीने तव्यावरची भाकरी उचलली, पोरींपुढची ताटं एकावर एक ठेवली, आणि तांब्यातलं पाणी चुलीत ओतलं. धाकटी पोर आपल्या ताटाकडे बघत राहिली, तेव्हा तिला कोणीतरी ओढून बाहेर नेलं.

वामनराव दारात उभे होते. पावतीशिवाय जाता येत नव्हतं. "इथं… अंगठा," ते म्हणाले, आणि शाईची डबी खिशातून काढेपर्यंत गोजरबाईने न बघता पिठाचा अंगठा पावतीवर टेकवला.

"किती?" परत आल्यावर रामरावांनी विचारलं.

"नऊ."

रामरावांनी पुस्तकात नऊ लिहिलं. बोरपेठला मरणाच्या तारेसाठी एवढा लहान आकडा कधी पडला नव्हता.

संध्याकाळी साडेसातला कचेरी बंद करताना रामरावांनी पावत्यांचं पुस्तक मिटायला घेतलं आणि थांबले. टेबलाच्या पायावरून मुंग्यांची एक बारीक रांग वर चढली होती आणि गोजरबाईच्या पावतीवर, वाळून पांढऱ्या झालेल्या ज्वारीच्या पिठाच्या अंगठ्याशी गोळा झाली होती. रामरावांनी फुंकर घालायला तोंड पुढे केलं.

"राहू द्या," वामनराव म्हणाले.

"पुस्तक बंद कराचं हाय, साहेब. तुमचीबी खानावळीची येळ झाली."

"कळतंय." वामनरावांनी खुर्ची ओढून घेतली आणि ते टेबलापाशी बसले. "होऊ द्या त्यांचं."